मालिश किती टिकली? एका घोडीच्या पाठीच्या ५८ दिवसांच्या नोंदी

मैना, वय १२. दोन महिन्यांपासून उजवीकडे वळताना तिची मान आधी वळते आणि धड ओढल्यासारखं मागून येतं. खोगीर ठेवलं की पाठ खाली घेते. तंग, म्हणजे खोगीराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना शेपूट झटकते, कान मागे पाडते. मला हाताने मालिश करून ही पाठ मोकळी करायची आहे. किती दाब दिला, किती वेळ दिला आणि दुसऱ्या दिवशी काय दिसलं, एवढं तरी रोज लिहायचं ठरवलं आहे. हेच काम हाती घेणाऱ्याला माझ्या चुका उपयोगी पडाव्यात.

दिवस १

हात लावण्याआधी पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी तिला कडक सपाट जमिनीवर चालवलं, दुडकीने पळवलं, खूर चिमट्याने दाबून पाहिले, एकेक पाय दुमडून धरून लगेच पळवून पाहिलं. लंगडेपणा नाही. पाठीचा उजवा भाग दुखतो आहे, एवढं त्यांच्या बोटांखाली स्पष्ट कळलं. मालिशला त्यांची हरकत नाही, पण अटी आहेत. ताप, सूज, उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर हात लावायचा नाही. आणि कामानंतर पुठ्ठे, म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंचे जाड स्नायू, दगडासारखे घट्ट झाले, घाम फुटला, ती पाऊल टाकेना, लघवी गडद तपकिरी झाली, तर चोळायचं नाही आणि चालवायचंही नाही, त्यांना ताबडतोब फोन करायचा. त्या वेळी स्नायूच मोडत असतो. आपण चोळून किंवा चालवून ते वाढवतो.

विश्रांतीतली नाडी ३६, श्वास १२, तापमान ३७.६ सेल्सिअस. मोठ्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.२ ते ३८.३ असतं. मैनाचे नेहमीचे आकडे मी आजवर एकदाही लिहून ठेवले नव्हते. हे पहिल्यांदा करा, पुढे माझ्या फार कामाला आलं.

स्वारी करताना दहा मिनिटांचं चित्रण केलं आणि घोड्यांच्या पशुवैद्य स्यू डायसन यांच्या २४ वर्तनांच्या यादीशी ताडून पाहिलं. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वारीत त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच असते. मैनाची मोजली, ९ भरली.

उभ्या घोडीचे फोटो मात्र वाया गेले. जमीन उताराची होती, मागचा एक पाय तिने सैल सोडला होता, त्यामुळे दोन्ही पुठ्ठे वरखाली दिसतात. उद्या परत काढायचे.

दिवस २

चारही पाय समान ठेवून, सपाट जागेवर, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो. यात अख्खी सकाळ गेली.

कागदावर घोडीची डावी-उजवी आकृती काढली आणि हाताने दाबत प्रत्येक जागेला गुण दिले. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे स्नायू कडक, पण घोडी शांत. २ म्हणजे पाठ खाली जाते किंवा कान मागे. ३ म्हणजे ती सरकते किंवा चावायला वळते. सगळ्यात वाईट जागा उजवीकडे, मानेच्या शेवटी जो उंचवटा आहे त्याखाली चार बोटं, फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, हाडाच्या लगेच मागे. तिला मी 'उ-१' नाव दिलं. गुण ३. त्याच बाजूला कमरेवर 'उ-२', गुण २. डावीकडे सगळीकडे ० किंवा १.

दिवस ३

पहिली मालिश, २० मिनिटं. बोटांच्या टोकांनी हलके हलके चाचपत गेले आणि जिथे जिथे कातडी थरथरली तिथे दुखतंय असं लिहीत गेले. अर्धा कागद भरला. घोडीची देखभाल करणारे मोतद्दार मामा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "ताई, ती माशी झटकतेय. हात पुरता ठेवा."

त्यांचं बरोबर होतं. घोड्याच्या कातडीखाली धडाला वेढणारा एक पातळ स्नायू असतो. माशी बसली की तो तेवढीच कातडी झटकतो. गुदगुल्या होतील असा हलका स्पर्श केला तरी तोच झटकतो. दुखण्याचं उत्तर वेगळं असतं. तेव्हा खालचा जाड स्नायू हाताखाली एकदम लाकडासारखा होतो किंवा सगळी पाठ खाली जाते. अर्धा कागद खोडला. आता सपाट तळहात, सगळी बोटं जुळवून, केसांच्या दिशेने, सावकाश.

दिवस ४

तेल वापरलं. तळहात केसांवरून नीट सरकेल असं वाटलं होतं. तेल केसांतच अडकलं, तासाभरात त्यावर धूळ बसली, खोगीराखालच्या गादीला चिकटपणा आला. धुवायला आणि वाळवायला उरलेला दिवस गेला. शिवाय तेलकट केसांवर हात घसरतो आणि खालचं काही कळत नाही. कोरडे हात, स्वच्छ खरारा केलेलं अंग, एवढं पुरतं. पुन्हा तेल नाही.

दिवस ६

सुरुवात कुठून करायची हे आज बदललं. आतापर्यंत थेट दुखऱ्या जागेकडे जात होते. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतेक उंचवट्यापाशी आणि मानेच्या बुडाशी. क्लॉडिया फे आणि तिच्या सहकाऱ्याचा १९९३ मधला अभ्यास आहे: माणसाने त्या आवडत्या जागेवर खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, दुसऱ्या जागेवर खाजवून तसं होत नाही. म्हणून डाव्या बाजूने उंचवट्यापाशी पाच मिनिटं बोटांनी भरपूर खाजवलं. मैनाने वरचा ओठ लांब केला आणि मान पुढे काढली. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून मोजलं, ४० वरून ३६ वर आले.

मग तिथून हात न उचलता मान, फरा, पाठ, पुठ्ठे. मागून पलीकडे जाताना एक हात पुठ्ठ्यावर राहू दिला आणि अगदी जवळून गेले. घोड्याला थेट मागचं दिसत नाही, हात असला की आपण कुठे आहोत हे तिला कळतं.

उ-१ ला गुण २. खूप बरं वाटलं.

दिवस ९

या कामातली सगळ्यात मोठी चूक. सविस्तर लिहिते.

पहिल्या तीन दिवसांच्या सुधारणेने माझा धीर सुटला. तिला ठाणावर आखूड दोरीने बांधलं आणि १ तास ५० मिनिटं काम केलं. उ-१ वर आणि पाठीच्या लांब स्नायूवर कोपराने दाब दिला. हाताखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं. ती मधूनमधून जीभ बाहेर काढत होती, चावल्यासारखं तोंड हलवत होती. ते मी आराम समजले.

संध्याकाळी मामांनी हाक मारली. ती पाठ धरून उभी होती. उ-१ ला ३, उ-२ ला ३, आणि जिथे काही नव्हतं त्या डाव्या पाठीवरही २. तापमान ठीक, लघवी नेहमीच्या रंगाची, पुठ्ठे मऊ, चालायला तयार. म्हणजे स्नायू मोडण्याचा प्रकार नव्हता. पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी पाच दिवस काहीही न करण्याचं सांगितलं. फक्त मोकळं सोडायचं आणि हाताने धरून फिरवायचं.

दिवस १०

काय चुकलं हे शोधत बसले. वजनकाटा जमिनीवर ठेवला आणि त्यावर दाबून पाहिलं. तळहाताच्या टाचेने मला मध्यम वाटणारा दाब ४ किलो. कोपराने मध्यम वाटणारा दाब १७ किलो, आणि तोही कोपराच्या टोकाएवढ्या जागेवर. एवढं वजन तासभर एका दुखऱ्या स्नायूवर मी टाकलं होतं. घोडा मोठा आहे म्हणून जास्त जोर लागतो हा समज मनातून काढून टाकला. माशीचा पाय कळतो अशी तिची कातडी आहे.

दुसरी चूक बांधण्याची. बांधलेल्या घोडीला नको म्हणायला जागाच नसते. ती सरकू शकली असती तर दहाव्या मिनिटाला सरकली असती आणि मला तिथेच कळलं असतं. यापुढे मामा दोरी सैल धरतील. ती सरकली तर मी थांबेन.

तिसरी, जीभ आणि चावणं. ताण आला आणि मग उतरला की घोडा असं करतो. म्हणजे त्यातून ताण उतरल्याचं कळतं, तो आला होता हेही कळतं. माझ्या कामाला दिलेली शाबासकी ती नव्हती. तिच्या चेहऱ्याचं चित्रण परत पाहिलं. कान ताठ मागे, डोळ्यावरची कातडी ओढलेली, नाकपुड्या आवळलेल्या, हनुवटी कडक. २०१४ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखण्याची सहा चिन्हांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. त्यातली चार चिन्हं मैनाच्या तोंडावर दिसत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत होते.

दिवस १० ते १४

मालिश बंद. सकाळ-संध्याकाळ २० मिनिटं फिरवणं आणि उंचवट्यापाशी खाजवणं. चौदाव्या दिवशी उ-१ परत २ वर. दिवस ६ ला होतो तिथेच, एकूण आठ दिवस गेले.

दिवस १५

नवीन पद्धत, ३० मिनिटं. दाब तळहाताच्या टाचेने किंवा सैल मुठीने, ४ किलोच्या वर नाही. दररोज काट्यावर दोन-चार वेळा दाबून हात त्या वजनाला सरावला आहे. जागेवर हात ठेवायचा, दाब हळूहळू आत न्यायचा, आणि मग काही करायचं नाही. थांबायचं. पापणी मिटायला लागते, श्वास लांब होतो, खालचा ओठ सैल पडतो. ते झालं की दाब तितक्याच हळू काढायचा. उ-१ ला हे व्हायला तीन मिनिटं लागली. तीन मिनिटं न हलता उभं राहणं मला कुठल्याही चोळण्यापेक्षा अवघड गेलं.

शेवटी कानांच्या मागे, डोकं मानेला मिळतं तिथे नुसता हात ठेवला. तिने चार जांभया दिल्या आणि डोकं माझ्या पोटापर्यंत खाली आणलं. मामा काही बोलले नाहीत, पण हसले.

उ-१ ला १.

दिवस १७

सकाळी उ-१ परत २. काही काम केलं नव्हतं, फक्त काल अर्धा तास रपेट.

त्याच दिवशी यंत्र आजमावलं, विजेवर चालणारं, ठोके देणारं. माणसाच्या पाठीला ते बरं वाटतं. सगळ्यात कमी वेगावर चालू केलं. आवाज ऐकताच मैना बाजूला उसळली. मी भिंत आणि ती यांच्या मधे उभी होते, खांदा भिंतीवर आदळला. यंत्रापेक्षा मी उभं राहण्याची जागा चुकवली. घोड्याच्या आणि भिंतीच्या मधे कधीही उभं राहू नका, कितीही शांत घोडा असला तरी. यंत्र ठेवून दिलं. हाताला जे कळतं ते त्या थरथरीत कळतच नाही.

दिवस १८

३० मिनिटं, तीच पद्धत. उ-१ ला १.

दिवस २०

उ-१ परत २.

आकडे एका रांगेत मांडले. दिवस १५ ला १, दिवस १७ ला २. दिवस १८ ला १, दिवस २० ला २. मालिश होते, जागा सैल होते, आणि मधे एक रपेट झाली की दोन दिवसांत ती नेमक्या त्याच चार बोटांच्या जागेत परत येते. उ-२ मात्र हळूहळू कमी होतो आहे, आणि कमी झाला की तसाच राहतो. म्हणजे हाताची पद्धत ठीक आहे. उ-१ ला दर वेळी कोणीतरी नव्याने दुखवतं आहे, आणि ते रपेटीच्या वेळी होतं आहे.

आजपासून प्रत्येक नोंदीत एक आकडा ठेवणार आहे: 'किती टिकलं'. मालिश संपल्यावर गुण काय होता यापेक्षा मला तो जास्त सांगून जातो.

दिवस २१

खोगीर. याआधी ते तपासलं होतं, पण गादी घालून. गादीने सगळं भरून निघतं आणि हात सगळीकडे सारखाच जातो. आज उघड्या पाठीवर ठेवलं, तंग न आवळता. सपाट हात पुढून आत सरकवला. डावीकडे सहज गेला. उजवीकडे फऱ्याच्या मागे अडकला. बरोबर उ-१ वर.

मग पातळ कापड घालून ३० मिनिटं रपेट केली, खोगीर उचललं, घाम पाहिला. सगळीकडे ओलं, उ-१ वर तळहाताएवढा कोरडा डाग. जिथे दाब फार असतो तिथे घाम येत नाही. त्याच जागी चार-पाच पांढरे केस आहेत. ते मी वर्षानुवर्षं पाहते आहे आणि तिची खूण समजत होते. खोगीर दाबून केसांची मुळं दुखावली की नवे केस पांढरे येतात. या घोडीने मला फार आधी सांगितलं होतं.

आजपासून स्वारी बंद.

दिवस २३

खोगीर दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं. उजव्या गादीतली लोकर गोळा होऊन गाठ झाली होती. सगळी काढून नवीन भरावी लागेल. खर्च माझ्या अंदाजाच्या दुप्पट आणि वेळ दोन आठवडे. त्याने विचारलं, चढता कुठून? जमिनीवरून, डावीकडून, गेली कित्येक वर्षं. तो म्हणाला, मग उजवी बाजूच दुखणार.

घरी येऊन शोधलं. २००८ मध्ये हेच मोजलेलं आहे: स्वार जमिनीवरून डावीकडून चढतो तेव्हा खोगीराखालचा सर्वांत जास्त दाब उंचवट्याच्या उजव्या बाजूला पडतो, आणि उंच चौथऱ्यावरून चढलं की तो कमी होतो. आपण डाव्या रिकिबीवर सगळं वजन टाकतो, खोगीर डावीकडे फिरायला जातं आणि उंचवट्याची उजवी कड ते अडवून धरते. माझं सगळं वजन दररोज त्या चार बोटांवर.

रिकिबींचे पट्टे काढून एकमेकांना लावून पाहिले. डावा २ सेंटिमीटर ताणून लांब झाला होता. दोन्हींची भोकं मात्र सारखीच मोजत होते.

दिवस २४

३५ मिनिटं. आज मागचे पुठ्ठे आणि मांड्यांचे मागचे स्नायू नीट पाहिले. तिथे हात खोल जातो, स्नायू जाड आहे, आणि तिथे ती स्वतःहून दाब मागते, हातावर रेलते. पण हे तिच्याकडून आलं पाहिजे. आपण ढकलायचं नाही.

एक वेळ वाया गेलेली गोष्ट: इतके दिवस मी चारही पायांच्या नळ्या खालपर्यंत चोळत होते, रोज दहा मिनिटं. गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याखाली घोड्याला चोळण्याजोगा स्नायू नाही, तिथे शिरा, कंडरा आणि हाड. हात फिरवून ऊब किंवा सूज आहे का एवढं बघायचं आणि पुढे जायचं. ती दहा मिनिटं आता फऱ्याच्या मागच्या स्नायूला आणि छातीला देते. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. दोन पुढच्या पायांच्या मधे धड नुसत्या स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं, आणि अंगाचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर. खोगीर दुखत असेल तर ही झोळी सतत आखडून राहते. पुढच्या पायांच्या मधे, तंगाच्या जागी, हाताला दोरीसारखे पट्टे लागले. इतके दिवस तिथे मी हातच लावला नव्हता.

दिवस २७

खरारा करताना मैना डोकं खाली घालून उभी, डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ सैल. मालिशनंतर दिसते अगदी तशी. पण मालिश झालेलीच नव्हती. नाडी ५२, तापमान ३८.९. हात खाली घेतला आणि पशुवैद्यांना बोलावलं. सर्दीचा ताप निघाला. आकडे लिहिलेले नसते तर मी तिला आज छान सैल झाली म्हणून चोळायला घेतलं असतं. सहा दिवस काम बंद.

दिवस ३३

तापमान तीन दिवस नेहमीचं, पशुवैद्यांची परवानगी. २० मिनिटं हलकं काम. उ-१ ला १. दिवस २४ पासून नऊ दिवस झाले, मालिश नाही, स्वारी नाही, आणि ती जागा १ वरच. किती टिकलं: ९ दिवस. आधी २ टिकत होते.

दिवस ३५

पुढचे पाय ताणून पाहिले आणि चुकले. सकाळी ठाणावरून काढल्या काढल्या पुढचा उजवा पाय उचलला आणि पुढे ओढला. तिने हिसका देऊन पाय काढून घेतला, मी तोल गेल्यामुळे पाय हातातून सोडला आणि ती पुढे अडखळली.

संध्याकाळी परत. आधी १५ मिनिटं चालवलं. पाय गुडघ्याच्या वरून आणि खालून दोन्ही हातांनी उचलला, जमिनीपासून थोडाच वर, आणि ओढला नाही, नुसता आधार दिला. काही क्षणांत तिने स्वतः पायाचं वजन माझ्या हातात टाकलं आणि फरा पुढे सोडला. तेवढंच. मग पाय हाताने जमिनीवर नेऊन ठेवला. कातडीची घडी तंगाखाली सापडू नये म्हणून खोगीर घातल्यावर पाय पुढे घेतात, तोच हात, फक्त सावकाश.

दिवस ३८

गाजर दाखवून मान आणि पाठ वळवायला लावणं सुरू केलं. याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आठ घोड्यांकडून तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक हालचाल पाच वेळा करून घेतली आणि पाठीच्या कण्याला लागून असलेला खोल स्नायू मोजण्याइतका जाड झाला. माझा हात त्या स्नायूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे मालिशच्या जोडीला हवंच.

पहिल्या दिवशी गाजर भराभर फिरवलं. मैना झडप घालत होती, नाक तिरकं करून मान मुरडत होती, मागे सरकत होती. दुसऱ्या दिवशी तिला मागून भिंतीला लावून उभं केलं, मी अर्थातच मोकळ्या बाजूला. गाजर इतकं हळू की तिचे ओठ त्याला लागूनच राहतील. हनुवटी छातीला, मग दोन गुडघ्यांच्या मधे, मग तंगाकडे, मग कुशीकडे. दोन्ही बाजूंना. उजवीकडे ती तंगापर्यंतच येते, डावीकडे कुशीपर्यंत. जेवढी येते तेवढीच. गाजर पुढे नेऊन फसवायचं नाही.

दिवस ४०

नालबंद आला. नऊ आठवडे झाले होते, सहा ते आठ व्हायला हवे होते. पुढच्या खुरांची टोकं लांब झालेली. तीन पायांवर इतका वेळ उभी राहिल्यानंतर दुपारी मालिश करायला गेले, तर दोन्ही पुठ्ठ्यांना २. हात लावला नाही. नालबंदीनंतर दोन दिवस सोडायचे.

दिवस ४३

खोगीर परत आलं. उघड्या पाठीवर हात दोन्हीकडे सारखा आत जातो. रिकिबीचे पट्टे नवे. चढायला गुडघाभर उंचीचा भक्कम चौथरा.

१५ मिनिटं, नुसती चाल. तंग तीन टप्प्यांत आवळला, मधे चार पावलं चालवत. शेपूट एकदा हलली. कान पुढे.

दिवस ४५

उ-१ ला ०. स्वारीनंतर दोन दिवसांनी पहिल्यांदा शून्य. मी दोनदा तपासलं, मग मामांना त्यांच्या हाताने तपासायला सांगितलं. ते म्हणाले, "मऊ आहे हो ताई." त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून लिहून ठेवते.

दिवस ५०

तीन दिवसांआड ३० मिनिटं मालिश, रोज गाजर, एक दिवस सोडून अर्धा तास स्वारी, त्यात दुडकीही. माझे अंगठे दुखायला लागले आहेत. अंगठ्याने दाबायची सवय सुटत नव्हती. आता सगळं मुठीने आणि तळहाताच्या टाचेने, कोपर सरळ आणि वजन पायांतून. खुर्चीच्या उंचीच्या पाटावर उभं राहिले की पाठीवर वरून दाबता येतं आणि मनगट वाकत नाही.

दिवस ५८

स्वारीचं दहा मिनिटांचं चित्रण, दिवस १ सारखंच. २४ पैकी ३. उजवीकडे वळताना मान आणि धड एकत्र जातं, पहिल्या चित्रणाशेजारी लावून पाहिलं की स्पष्ट दिसतं. गाजर उजवीकडे कुशीपर्यंत.

उ-१ ला ०, किती टिकलं: ८ दिवस, स्वारीसकट. उ-२ ला ०. डाव्या कमरेवर नवीन १ आलं आहे. आतापर्यंत ती उजवी बाजू वाचवत डावीवर भार देत होती, बहुधा त्याचं राहिलेलं. परवा तिथून सुरुवात करणार आहे, ४ किलोच्या आत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत हात ठेवून बघणार.